सेवकाचे तळपाय

नाही, एकानंही विश्वास ठेवला नाही — एकानंही नाही! चर्चच्या कमिटीतल्या सात जणांनी नाही, गाणाऱ्या बायकांनी नाही, माझ्या सख्ख्या बहिणीनं नाही — ती तर म्हणाली, ताई, खरं सांग, दुसऱ्या पार्टीवाल्यांनी काय कबूल केलंय तुला? — आणि तुम्ही, साहेब, तुम्ही तर बिशपसाहेबांच्या कचेरीतून निघतानाच ठरवून निघालात, ह्या बाईचं काही खरं मानायचं नाही म्हणून. नाही कसं? कागद टाइप करून आणलाय की! मी तोंड उघडायच्या आधीच माझं बोलणं टाइप झालंय. 'मला हे कृत्य करण्यास श्री' — आणि पुढे टिंबं, टिंबं, टिंबं — 'यांनी शिकवले.' खाली माझी सही. वाचता येतं मला. चौथी पास आहे, आणि चौथीत वर्गात पहिली आले होते, ते कोणी विचारत नाही. बसा. त्या बाकावर नको, आत्ताच पुसलाय, पँट ओली होईल — ह्या इथं, खांबाजवळ. मी पुसता पुसता बोलते, चालेल ना? हातात फडकं नसलं की मला बोलायला सुचत नाही.

तर, कोणी शिकवलं? कोणी म्हणजे कोणी नाही. एकवीस वर्षं झाली मला ह्या चर्चमध्ये झाडलोट करून. तुम्ही लोक हे बाक वरून बघता, मला ते खालून पाठ आहेत. उपदेश चालू असताना कोण झोपतं, ते पायातून सटकलेल्या चपलेवरून कळतं. बाकाच्या खालच्या अंगाला च्युइंगम कोण चिकटवतं तेसुद्धा मला माहीत आहे — जाऊ दे, ते कमिटीत आहेत. सांगायचं काय, माझं सगळं आयुष्य जमिनीपासून वीतभर उंचीवर गेलंय, साहेब. पायांबद्दल मला कोण काय शिकवणार?

आता आमच्याकडची पद्धत ऐका, ती तुमच्या कागदात नाही. पवित्र गुरुवारी प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून आमचे पाळकसाहेब मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुतात. बारा जण कोण? त्याच्या चिठ्ठ्या टाकतात. दानाच्या पिशवीत सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या, पाळकीणबाई डोळे मिटून हात घालतात, बारा निघाल्या की झालं. डॉक्टर निघो नाही तर गवंडी निघो, तिथं कोणाचं चालत नाही. एवढी एकच निवडणूक मी बघितलीय जिच्यात भाषणं नसतात. आणि ह्या वर्षी काय झालं — रस्ता रुंद करायचा म्हणून कोणीतरी येऊन आपल्या कुंपणाच्या भिंतीवर खडूनं फुल्या मारून गेलं. भिंत पाडणार. मग कमिटीच्या सेक्रेटरींना एकदम साक्षात्कार! तो उमेदवार आहे ना — नाव मी घेत नाही, सगळे त्याला 'सेवक'च म्हणतात, पोस्टरवरच तसं छापलंय, 'तुमचा सेवक', आणि खाली बत्तीसच्या बत्तीस दात — त्याला बोलवायचं, आणि पाळकांच्या जागी त्यानं पाय धुवायचे. फोटो त्याला, भिंत आपल्याला. कमिटीत भराभर हात वर झाले. पाळकसाहेबांचा हात अर्धाच वर गेला, पण ह्या कमिटीत अर्धा हातसुद्धा पूर्ण मोजतात.

भिंतीशी माझा काय संबंध? बघा, म्हणजे हे सांगितलंच नाही तुम्हाला! अहो, त्या भिंतीला टेकून एक खोली आहे, पत्र्याची, दारात फुटक्या बादलीत तुळतुळीत कोरफड लावलीय — ती माझी. म्हणजे चर्चचीच, पण काम आहे तोवर माझी. भिंत गेली की खोली गेली. मग त्या सेवकाला खूश ठेवण्यात सगळ्यांत जास्त फायदा कोणाचा? माझा! मग मी कशाला कोणाकडून शिकून त्याचं वाटोळं करीन? हेच मी कमिटीत विचारलं. तर सेक्रेटरी म्हणाले, म्हणूनच तर संशय येतो. ह्या माणसाला पाऊस पडला तरी नळावर संशय येईल.

हां, तर गुरुवारी सकाळी त्या सेवकाचा माणूस आला. गॉगलवाला. चर्चमध्ये आला तरी गॉगल काढला नाही — मला वाटलं डोळे आलेत बिचाऱ्याचे. जागा बघितली, उजेड कुठून येतो ते बघितलं, वधस्तंभ थोडा डावीकडे सरकवता येईल का म्हणून विचारलं. सरकवता! मी म्हटलं, दोन हजार वर्षांत बऱ्याच जणांनी प्रयत्न केला, तुम्ही पण करून बघा. हसला नाही. मग म्हणतो, साहेबांचा हात फार नाजूक आहे, त्यांना मळाची ॲलर्जी आहे, तेव्हा संध्याकाळच्या आत सगळ्यांचे पाय स्वच्छ धुऊन तयार ठेवायचे. मी म्हटलं, कसले पाय? म्हणतो, जे साहेब धुणार आहेत ते. म्हणजे कळलं का तुम्हाला? धुवायचे पाय आधी धुऊन ठेवायचे! मी सेक्रेटरींकडे बघितलं, सेक्रेटरींनी छताकडे बघितलं. छताला काय होतं? जाळीसुद्धा नव्हती, मीच काढली होती शनिवारी.

धुतले की. का नाही धुणार? दुपारी मागच्या खोलीत, जिथं आपण कपडे धुतो तिथं, एक स्टूल टाकलं आणि एकेकाला बसवलं. गरम पाणी, साबण, टाच घासायचा दगड. काय सांगू साहेब, माणूस तोंडानं किती खोटं बोलेल, पायाला ते जमत नाही. तो गवंडी — त्याच्या टाचेच्या भेगेत सिमेंट बसलंय, वर्षानुवर्षांचं, तिथं दगड घासला तर दगडच झिजला. शिंपीणबाईचा उजवा तळवा मशीन मारून मारून सपाट, डावा मात्र अगदी लाडावलेला. मास्तरीणबाईंच्या अंगठ्याचं हाड बाहेर आलंय, तीस वर्षं उभ्यानं शिकवलं की येतंच. त्या लाजून म्हणाल्या, अगं, तू कशाला, मी धुते माझे. मी म्हटलं, बाई, तुम्ही मला अ आ शिकवलं नाही, पण कोणाला तरी शिकवलंच ना, द्या इकडे. आणि टपाल वाटणारा, तो तर डोळे मिटून बसला आणि चक्क झोपी गेला, पाय माझ्या हातात! दोन तास मी गुडघ्यांवर होते. पाणी सहा वेळा बदललं. आणि खरं सांगू? मला वाईट नाही वाटलं. एकवीस वर्षं ह्यांच्या पायांचा चिखल पुसला, पाय कधी बघितलेच नव्हते.

मग चार वाजता गॉगलवाला परत. पाय तपासायला! बारा जणांना ओळीनं बसवलं आणि प्रत्येक पायाचा फोनवर फोटो काढला, बाजारात मासे बघावेत तसं वाकून वाकून. आणि बाराव्या माणसापाशी थांबला. म्हातारा माणूस, गटारांच्या कामात जन्म गेला, साखर आहे अंगात, पायाला जखम आहे, भरत नाही. मी स्वच्छ पट्टी बांधली होती, पांढरीशुभ्र. गॉगलवाला म्हणतो, हे चालणार नाही, फोटोत बरं दिसणार नाही. आणि त्याला उठवलं. चिठ्ठीत निघालेल्या माणसाला, साहेब! आणि त्याच्या जागी कोण? सेवकाचा ड्रायव्हर. त्याला कुठून तरी मळका शर्ट आणून घातला, गरीब दिसावा म्हणून. पाय मात्र गोरे गोरे, पावडर लावल्यासारखे. मी पाळकसाहेबांकडे गेले. म्हटलं, प्रभूनं असं केलं असतं का, की तू ऊठ, तुझा पाय बरा दिसत नाही? ते चष्मा पुसत बसले. म्हणाले, भिंतीचा प्रश्न आहे, बाई. मी म्हटलं बरं. आता पाळकच असं म्हणतात तर मी कोण? गेले, पाय धुवायचं तसराळं घासलं, तेरा टॉवेल इस्त्री करून ठेवले, आणि —

काय? बारा. बारा म्हणाले मी. तेरा म्हणाले? तुम्ही लिहिलंसुद्धा? वा, एवढा वेळ पेन हलत नव्हतं, आणि नेमकं ह्याला हललं!

बरं, तेरा. तेरा तर तेरा. हातून चुकून झाला असेल — नाही, साहेब, तुमच्यापुढे कशाला. चुकून नाही झाला. तो म्हातारा मागच्या खोलीत स्टुलावर बसून होता, नवा शर्ट घालून. एकवीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या नावाची चिठ्ठी निघाली होती. आठ दिवस तो शर्ट खुंटीवर होता, रोज हात लावून बघायचा. मला म्हणाला, जाऊ दे गं, माझा पाय तू धुतलास ना, झालं की. असं म्हणून त्यानं पट्टीवर रुमाल झाकला, जणू त्यानंच काही गुन्हा केलाय. आणि मी इस्त्री फिरवत होते, बारावा टॉवेल झाला, आणि हात थांबेना. आमचे हे आहेत ते, साहेब. हे, म्हणजे माझे यजमान. आता लिहा काय लिहायचं ते.

पुढचं तर सगळ्या जगानं बघितलंय फोनवर, तुम्हीही बघितलं असेल, तोंडावर हात ठेवून हसलाही असाल — हसलात! बघा, आत्तासुद्धा! तर सेवक आला, तीन गाड्या घेऊन. पाय धुवायला तीन गाड्या! कॉलरला छोटा माइक, समोर दोन कॅमेरे, त्यातला एक सगळं त्याच क्षणी लोकांना फोनवर दाखवणारा. आधी भाषण. मी राजा नाही, मी सेवक आहे, मी जनतेसाठी चाळीस दिवस अनवाणी चाललो, ऊन म्हटलं नाही, खडे म्हटले नाहीत, ह्याच पायांनी दारोदार आलो. गाणाऱ्या बायकांच्या डोळ्यांत पाणी. माझ्याही आलं असतं, पण मी तसराळं धरून उभी होते, हात मोकळा नव्हता. मग धुतले त्यानं पाय. एकेकाचा एकच पाय, वेळ नव्हता. दोन बोटांनी पाणी उडवायचं, टॉवेल टेकवायचा, मान वर करून कॅमेऱ्याकडे बघायचं. तसराळ्यातलं पाणी शेवटपर्यंत इतकं स्वच्छ राहिलं, की त्यात मला त्याचे दात दिसत होते. मी मनात म्हटलं, ह्या लोकांना हात धुवायची सवय, प्रभूला वधस्तंभावर धाडणाऱ्या त्या पिलातापासूनची — लोकांसमोर पाणी मागवायचं, हात धुवायचे, माझा काही संबंध नाही म्हणायचं. पाय धुणं ह्यांना कसं जमावं? दोन्हींना पाणीच लागतं, साहेब. पण एकाला उभं राहून चालतं आणि दुसऱ्याला वाकावं लागतं.

मग ते झाल्यावर वाचन असतं. दरवर्षी असतं. गॉगलवाल्याला ते माहीत नव्हतं, तो वायरी गुंडाळायला लागला होता. पाळकसाहेबांनी वाचलं, की मी प्रभू असून तुमचे पाय धुतले, तर तुम्हीसुद्धा एकमेकांचे धुवायचे. दोनदा वाचलं त्यांनी ते, आणि मान वर करून —

दोनदा नाही. एकदाच. ते लिहू नका. अहो, चष्मा घसरला म्हणून ओळ परत घेतली, एवढंच! माझ्याकडे वगैरे काही बघितलं नाही त्यांनी. खोडा ते. नीट खोडा, असं नाही, आरपार.

तर मी काय केलं? वचन ऐकलं आणि केलं. तसराळं खाली ठेवलं, तेरावा टॉवेल खांद्यावर होताच, आणि म्हटलं, साहेब, आता तुम्ही बसा. बस्स. शिवी दिली? नाही. घोषणा दिली? नाही. आता तुम्ही बसा. लोकांना वाटलं कार्यक्रमातच आहे, टाळ्या वाजल्या. कॅमेरा चालू. सेवक बसला, न बसून सांगतो कोणाला! मी बूट काढला. तो हळूच म्हणतो, राहू द्या ताई. मी म्हटलं, असं कसं, चाळीस दिवस चाललात. मोजा काढला. आणि साहेब — देवाशपथ, तोंडून निघून गेलं. दिवसभर बारा जणांचे पाय हातात घेतलेली बाई मी, तो तळवा हातात आला आणि मला आमच्या भाचीचं बारसं आठवलं. लोणी! एक भेग नाही, एक घट्टा नाही, टाच गुलाबी. मी म्हटलं, अगं बाई, हे पाय तर कुठं चाललेलेच नाहीत!

हळूच म्हटलं होतं. पण माइक त्याच्या कॉलरला, आणि मी त्याच्या पुढ्यात वाकलेली. चर्चच्या भिंतींनी मला ऐकवलं मी काय बोलले ते. मग त्या गवंड्याला हसू फुटलं. मग शिंपीणबाई. मग मास्तरीणबाई, तोंडात पदर कोंबून. आणि टपालवाला जागा होऊन विचारतोय, काय झालं, काय झालं? मी मात्र हसले नाही. मी दोन्ही पाय धुतले त्याचे, नीट, बोटांच्या मधे मधे, आणि पुसून मोजे चढवून दिले. मनात राग नव्हता का? होता. पण पाय धुताना राग धरून ठेवता येत नाही, हात घसरतो. आणि एक सांगू, तो सेवक तेवढा वेळ खाली बघत होता. कॅमेऱ्याकडे नाही. माझ्या हातांकडे. कान लाल झाले होते त्याचे. मला वाटलं, आता हा काहीतरी खरं बोलणार. बोलला असता, साहेब. गॉगलवाल्यानं उठवलं त्याला.

आणि आता भिंत पडणार, सोमवारी माणसं येतायत. आणि सेक्रेटरी काल खोलीवर आले होते, पहिल्यांदाच, कोरफडीचं कौतुक केलं. मग म्हणाले, तू फक्त पाळकांचं नाव लिही. त्यांनीच फूस दिली म्हण. ते म्हातारे झालेत, त्यांची बदली होईल, दुसरे येतील, तुझं काम राहील, चर्चच्या मागच्या अंगाला तुला नवी खोली बांधून देऊ, पक्की, स्लॅबची. ह्यांच्या पायाला ओल सोसत नाही, तेवढंही सेक्रेटरींना बरोबर माहीत. तुम्हालाही त्या टिंबांवर तेच नाव हवंय, हो ना? नाही कसं, टिंबं बरोबर तेवढीच सोडलीत!

विचार केला मी. खोटं कशाला सांगू, रात्रभर केला. पाळकसाहेबांनी माझ्या नवऱ्यासाठी तोंड उघडलं नाही, चष्मा पुसत बसले, ते मी विसरणार नाही. त्यांना सोमवारीच ऐकवीन. पण ते माझं आणि त्यांचं. तुमच्या कागदाला त्यात घेणार नाही. आणि प्रभूचं नाव लिहू, म्हणू त्यानंच शिकवलं? छे! आपण करायचं आणि नाव त्याचं पुढे करायचं, हे पुढारी करतात. मी झाडूवाली आहे.

पण पुसता पुसता मला एक सुचलंय बघा. त्या दिवशी माडीवर प्रभूनं बारा जणांचे पाय धुतले. एकेकाचे, दोन्ही. जो त्याला विकणार होता त्याचेसुद्धा. मग प्रभूचे कोणी धुतले? चालून तर तोही आला होता ना, त्याच धुळीतून? आठवा, तुम्ही तर शिकलेले. कोणी नाही! त्याच्या आधी एका बाईनं धुतले होते, आसवांनी, आणि जेवायला बसलेल्यांनी तिला नावंच ठेवली, की हिला आत कोणी घेतलं. म्हणजे तेव्हापासून तुमचा हाच प्रश्न! आणि त्या बारा गड्यांतला एकही उठला नाही. बाकीचे राहू द्या, ते मुके बसले. पण एक तर बोलत होता! आधी म्हणाला, माझे धुवायचे नाहीत. मग म्हणाला, धुवायचेच तर हात पण धू, डोकं पण धू — आख्खी आंघोळ मागितली गड्यानं! एवढं बोललास, तर मग एक साधं वाक्य का नाही सुचलं तुला, की आता तू बस, प्रभू? तेव्हाच एवढं म्हटलं असतं तर रीतच पडून गेली असती, की जो धुतो त्यानं नंतर बसायचं, बूट काढायचे, पाय दाखवायचे. मग कशाला कोण कॅमेरे घेऊन आला असता? मला कशाला बोलावं लागलं असतं? आणि ज्याच्या गादीवर आपण बसलोय म्हणून तुमचे बिशपसाहेब सांगतात, तो शिष्य हाच ना?

आणा ते पेन. नाही, मीच लिहिते, माझं अक्षर चांगलं आहे. 'श्री' छापलंय, असू दे, मान राहू दे त्याचा, वयानं मोठा आहे. 'शिकवले' तेवढं खोडते, तिथं 'भाग पाडले' लिहिते. खोलीचं काय म्हणता? ह्यांना सकाळीच सांगितलंय, भांडी गोणीत भरायला घ्या. हे म्हणाले, शर्ट वर ठेव, चुरगळेल. झालं. ही सही. उठा आता, मला इथलं पुसायचंय. कडेकडेनं जा, मधे ओलं आहे. आणि तिकडे गेल्यावर बिशपसाहेबांना मोठ्यानं वाचून दाखवा, मला हे कृत्य करण्यास कोणी भाग पाडलं ते — श्री. पेत्र.